ताइची खरंच लढण्याची कला आहे का? चेन घराण्याची परंपरा आणि तिचं तंत्र

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय ४४, कॉलेजात दोन-तीन वर्षं कराटे केलेलं, आता उजवा गुडघा कुरकुरतो. सकाळी बागेत ज्येष्ठ मंडळी संथ लयीत हात फिरवताना दिसतात, त्याला ताइची म्हणतात आणि कुणी म्हणतं की ही चीनमधली जुनी युद्धकला आहे. हे खरं का, तिचा इतिहास काय, आणि एवढ्या संथ हालचालींतून माणूस लढायला शिकतो तरी कसा?

हो, ही लढण्याचीच कला आहे. मी बावीस वर्षं चेन शैलीचा सराव करतोय, त्यातली बरीच वर्षं शिकवतोयही. संथपणा ही या कलेतली सरावाची रीत आहे. पुष्कळ ठिकाणी रीत तेवढी राहिली आणि ती कशासाठी होती हे सांगणारं माणूस राहिलं नाही. म्हणून असा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून बरं वाटतं आणि माझं उत्तर लांबतं.

आधी नावाचा घोळ सोडवू. पूर्ण नाव ताइचीच्युआन. यातल्या 'च्युआन'चा अर्थ मूठ, आणि त्यावरूनच मुष्टियुद्ध. 'ताइची' म्हणजे परम टोक. काळा-पांढरा अर्धा-अर्धा भाग एकमेकांत वळलेला जो वर्तुळाचा आकार आपण पाहतो, त्या कल्पनेचं हे नाव. प्राणशक्तीसाठी चिनी भाषेत जो शब्द आहे तो वेगळा, लिहितात वेगळा आणि उच्चारही वेगळा, 'छी' असा. आपल्याकडे दोन्ही 'ची'च झाले आणि ताइची म्हणजे प्राणशक्तीचा व्यायाम असा समज पक्का बसला. नावातच मूठ आहे, ती मात्र बोलताना गळून गेली.

दुसरा घोळ उगमाचा. तुम्ही कुठेही शोधलंत तरी पहिल्यांदा भेटेल तो वूदांग पर्वतावरचा ताओवादी साधू चांग सानफंग. साप आणि बगळ्याची झुंज पाहून त्याला ही कला सुचली म्हणे. गोष्ट सुंदर आहे, मीही लहान मुलांच्या वर्गात सांगतो, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. या साधूचा काळ कुणी सुंग, कुणी युआन तर कुणी मिंग राजवटीत धरतात. मुष्टियुद्धाशी त्याचं नाव जोडलेलं दिसतं ते १६६९ सालच्या एका समाधिलेखात, आणि त्यातही ताइचीचा उल्लेख नाही. ताइचीशी त्याची गाठ घातली गेली ती त्यानंतर फार उशिरा.

ज्याचा माग काढता येतो ती वाट हेनान प्रांतातल्या वेन तालुक्यात जाते. पीत नदीच्या उत्तरेला चेनजियागोऊ नावाचं गाव आहे. अर्थ साधा, 'चेन घराण्याची घळ'. मिंग काळाच्या सुरुवातीला शान्शी प्रांतातून येऊन वसलेलं हे शेतकरी घराणं. त्याच्या नवव्या पिढीत चेन वांगथिंग झाला, सतराव्या शतकातला. तो लष्करी पेशाचा माणूस. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, मांचू आले आणि त्याच्यासारख्यांचे दिवस फिरले. त्याच्या नावावर एक कविता आहे. तिचा आशय असा की म्हातारपणी जवळ एक ताओवादी पोथी तेवढी उरली आहे. मन उदास झालं की मी मुष्टियुद्धाचे डाव रचतो, कामाचा हंगाम आला की शेत कसतो, आणि मोकळ्या वेळात मुलांना, शिष्यांना शिकवतो. मला ही कविता वूदांगच्या साधूपेक्षा कितीतरी जवळची वाटते. हरलेल्या राज्याचा एक सैनिक, शेती आणि अंगात मुरलेलं युद्धशास्त्र.

त्याने सगळं शून्यातून रचलं असंही नाही. त्याच्या आधी शंभरेक वर्षं छी जिग्वांग हा मिंग सेनापती होऊन गेला (१५२८ ते १५८८). किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढताना त्याने सैन्याच्या प्रशिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्यात निरनिराळ्या परंपरांतून निवडलेले नि:शस्त्र लढण्याचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले. त्याने तिथे स्पष्ट म्हटलंय की मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा फारसा उपयोग दिसत नाही, पण हातपाय मोकळे होतात, शरीर कामाला सरावतं, म्हणून शस्त्रविद्येच्या दारातून आत जायला हेच पहिलं पाऊल. या ३२ पैकी २९ पवित्रे चेन घराण्याच्या जुन्या मालिकांत, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकापाठोपाठ करायच्या डावांच्या रचनांत, सापडतात, असं १९३० च्या सुमारास स्वतः गावात जाऊन अभ्यास करणारे थांग हाओ आणि त्यांच्या मागोमागचे अभ्यासक दाखवून गेले. म्हणजे बागेतल्या त्या संथ हालचालींचं मूळ छावणीत आहे, आश्रमात नाही.

त्या ३२ मधला पहिलाच पवित्रा 'लान जा यी'. आजही चेन शैलीच्या सुरुवातीला तो येतो. शब्दशः अर्थ, सहज हाताने अंगरखा खोचणे. त्या काळी लांब झगे असत. लढायला उभं राहायचं तर पुढचा घोळ उचलून कमरपट्ट्यात खोचावा लागे. आपल्याकडे बाई पदर खोचून आणि गडी धोतराचा सोगा खोचून कामाला उभा राहतो, तीच गोष्ट. शेवटी डावा हात कमरेवर येतो तो त्यामुळे. माझ्या गुरूंनी हे सांगितलं त्या दिवसापर्यंत मी तो हात नुसता शोभेसाठी ठेवत होतो.

पुढचा मोठा माणूस चौदाव्या पिढीतला चेन छांगशिंग (१७७१ ते १८५३). व्यापाऱ्यांच्या मालाला रस्त्यात संरक्षण देणं हा या घराण्यातल्या अनेकांचा पेशा होता, त्यामुळे विद्या रोज घासली जात होती. छांगशिंग इतका ताठ आणि स्थिर उभा राही की लोक त्याला 'देव्हाऱ्यातली पाटी' म्हणत, म्हणजे पूर्वजांच्या नावाची जी उभी लाकडी पाटी घरात पूजतात ती. जुन्या मालिकांमधून आज आपण करतो त्या दोन मुख्य मालिकांची घडण त्याच्या नावावर सांगितली जाते: पहिली संथ, लांब, सत्तरेक डावांची, आणि दुसरी तोफगोळ्याच्या नावाची, 'पाओछ्वे', जलद आणि उड्या-झटक्यांची.

त्याचाच शिष्य यांग लूछान (१७९९ ते १८७२), हपै प्रांतातल्या योंगन्येनचा, घराण्याबाहेरचा. तो रात्री भिंतीच्या फटीतून चोरून शिकला वगैरे कथा लोकप्रिय आहेत. त्यांवर वेळ घालवायची गरज नाही. तो छांगशिंगकडे शिकला, परत गेला आणि पुढे पेकिंगमध्ये मांचू उमरावांच्या वर्तुळात शिकवू लागला, हे महत्त्वाचं. तिथे त्याला 'अजिंक्य यांग' म्हणत. त्याच्या गावच्या वू युशियांगने आधी यांगकडे आणि मग चेनजियागोऊजवळच्या जाओबाओत चेन छिंगफिंगकडे धडे घेतले. हा वू शिकलेल्या, अधिकारी घरातला. मिठाच्या दुकानात भावाला सापडलेला, वांग जोंगयुए या नावावरचा एक छोटा निबंध याच घरातून बाहेर आला. 'चार लिआंगांनी हजार जिन वळवणे' हे जगभर उद्धृत होणारं वाक्य तिथलंच. जुन्या चिनी मापात १६ लिआंगांचा एक जिन होई, म्हणजे पाव जिनाने हजार जिनांचा भार वळवायचा. त्या वाक्याचा सगळ्यात जास्त गैरसमज झालाय, त्याकडे पुढे येतो.

लूछानचा नातू यांग छंगफू (१८८३ ते १९३६) याच्यापाशी आपण बागेतल्या दृश्याजवळ पोचतो. त्याने पेकिंगमध्ये आणि नंतर दक्षिणेकडच्या शहरांत शेकडो लोकांना शिकवलं. त्याच्या हातून मालिका मोठी, मोकळी, एकसारख्या गतीची झाली. पाय आपटणं, उड्या, एकदम फुटणारे ठोसे गेले. शहरातल्या नोकरदारांना, आजाऱ्यांना ते जमण्यासारखं होतं. मग १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून २४ डावांची लहान मालिका तयार केली. तुमच्या बागेत जे चालतं ते बहुतेक करून हेच, पाच-सहा मिनिटांत संपणारं. त्याला कमी लेखू नका. २०१२ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा असं २४ आठवडे ताइची करणाऱ्यांचा तोल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट सुधारला होता. पण ती मालिका करणाऱ्याला 'ठोसा आला तर?' असं विचारलंत आणि तो गोंधळला, तर त्यात त्याची चूक नाही. त्याला ते शिकवलेलंच नसतं.

इकडे गावातली मूळ रीत चालूच होती. १९२८ मध्ये सतराव्या पिढीतला चेन फाख (१८८७ ते १९५७), छांगशिंगचा पणतू, पेकिंगला आला. तोवर तिथल्या लोकांना ताइची म्हणजे ढगासारखी तरंगती हालचाल हेच माहीत. या माणसाच्या पायाच्या आपटण्याने जमीन दणाणली, खांद्याच्या एका हिसक्याने समोरचा उडाला, आणि पुष्कळांना हे ताइची आहे हेच पटेना. तो शेवटपर्यंत तिथेच शिकवत राहिला. गावात मात्र पुढे दिवस वाईट आले. १९५८ मध्ये चेन जाओफी निवृत्त होऊन गावी परतला तेव्हा तिथे ही कला धडपणे जाणणारे फार थोडे उरले होते. त्याने पोरांना गोळा करून शिकवायला घेतलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात असल्या जुन्या विद्या म्हणजे गुन्हा, तेव्हा सराव लपूनछपून, रात्री. १९७२ मध्ये तो गेला. आज जगभर जे चेन शैलीचे ज्येष्ठ आचार्य म्हणून ओळखले जातात, चेन श्याओवांग, चेन जंगलै, वांग शीआन, जू थ्येनत्साय, ते चौघे त्या पोरांतले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताइचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ती बातमी वाचताना मला आठवला तो रात्री अंगणात पोरांना उभं करणारा म्हातारा.

आता तंत्र.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, तिला 'फंग' म्हणतात. मराठीत एका शब्दात ती बसत नाही. विहिरीत पोहायला शिकताना कमरेला बांधायची ती हवा भरलेली ट्यूब आठवा. बोटाने दाबली तर दबते, सोडली की तिथल्या तिथे परत येते. आणि कुठेही दाबा, दाब सगळ्या ट्यूबभर पसरतो. शरीर तसं व्हायला हवं. हात कडक केला तर तो काठी होतो, समोरच्याला धरायला दांडा मिळतो. हात ढिला सोडला तर तो छातीशी चेपला जातो. या दोन्हींच्या मधली जी भरलेली, जिवंत सैलता, ती फंग. तिथे पोचायला स्नायूंतला फाजील ताण सोडावा लागतो, त्याला 'सुंग' म्हणतात. नवशिक्यांना मी 'सैल सोडा' म्हटलं की ते गळून जातात, म्हणून आता मी तो शब्दच वापरत नाही. 'सांधे उघडा, हाडं एकमेकांवर नीट बसू द्या' असं सांगतो.

घरी एक गोष्ट करून बघा. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, गुडघे किंचित वाकलेले. उजवा हात छातीसमोर गोल धरा, झाडाला कवेत घ्यावं तसा, तळहात स्वतःकडे. कुणाला तरी तुमच्या मनगटाजवळ हळूहळू रेटा द्यायला सांगा. पहिल्यांदा तुमचा खांदा वर चढेल आणि तुम्ही हाताने उलट ढकलाल. ते करू नका. खांदा खाली जाऊ द्या, कोपर जड होऊ द्या, आणि जांघेची घडी थोडी आत मोडू द्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी. एक क्षण असा येतो की रेटा हातातून पाठीत, पाठीतून खुब्यात आणि खुब्यातून तळपायात उतरतो, आणि समोरच्याला वाटतं आपण भिंतीला हात लावलाय. तुम्हाला मात्र हातात काहीच जोर लागत नाही. हा क्षण मला स्वतःला यायला दीड वर्ष लागलं. तो आला की मग पुढचं सगळं शिकता येतं. तोवर सगळी नक्कल असते.

दुसरी गोष्ट 'चान्सजिन', रेशीम उकलण्याचं बळ. रेशमाच्या कोषावरून धागा काढताना जोरात ओढला तर तुटतो, फार सुस्त ओढला तर गुंततो. एकसारख्या ओढीनेच निघतो आणि निघताना कोष गोल फिरतो. चेन शैलीतली प्रत्येक हालचाल अशी पिळाची असते. तळहात वर वळताना करंगळी पुढाकार घेते, खाली-बाहेर वळताना अंगठा. मनगट वळतं तसं कोपर, खांदा, कंबर, खुबा, गुडघा, घोटा, सगळे एकमेकांत पिळत जातात. चालना मात्र बेंबीखालच्या भागातून यायला हवी. रहाटाचा कणा हलल्याशिवाय जसं त्याचं टोक हलत नाही, तसं. संथ सराव नेमका याच्यासाठी आहे. जोरात केलं की वेग सगळ्या चुका झाकून टाकतो. हळू केलं की कुठे खांद्याने चोरी केली, कुठे गुडघा कंबरेच्या आधी वळला, ते उघडं पडतं. एक मालिका वीस मिनिटं करताना मांड्या पेटतात आणि तुमची प्रत्येक खोट तुमच्यासमोर येऊन उभी राहते.

आता 'लान जा यी' जवळून बघू. वजन डाव्या पायावर. उजवा पाय टाचेवरून जमिनीला घासत उजवीकडे सरकतो. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवर येतात. मग वजन डावीकडून उजवीकडे जातं आणि उजवा हात मोठा चाप काढत उजवीकडे उघडतो, खांद्याच्या उंचीला येऊन बसतो, डावा कमरेवर. बघणाऱ्याला वाटतं, पडदा बाजूला केला. पण ते पाऊल समोरच्याच्या पायामागे जाऊन बसलंय असं धरा. वजन सरकायला लागतं तेव्हा आधी खांदा त्याच्या बरगडीत शिरतो. खांद्याला जागा नाही मिळाली तर त्याच वळणात कोपर उघडतं. कोपर चुकलं तर पुढचा हात त्याच्या छातीवर येतो, आणि पाय अडकलेला असल्याने तो मागे कोलमडतो. एकाच उलगडण्यात तीन डाव, कुठला लागू पडेल ते अंतर ठरवतं. हे समजल्यावर मी पहिल्यांदा ती हालचाल केली तेव्हा बारा सेकंद लागले आणि संपताना घाम फुटला होता.

त्याच्या आधी येतो 'वज्रधर मुसळ कांडतो', चिनीत 'जिनगांग दाओद्वे'. जिनगांग म्हणजे बौद्ध मंदिराच्या दारातला वज्रधारी रक्षक. उजवी मूठ आणि उजवा गुडघा एकत्र वर जातात, मग पाय जमिनीवर आणि मूठ डाव्या तळहातात एकदम पडतात, उखळात मुसळ पडावं तसे. मूठ हनुवटीखालून, गुडघा पोटात, पाय समोरच्याच्या पावलावर. कमी तयारीत हा पाय आपटू नका. आपटायचा नसतो, तो पडू द्यायचा असतो. फरक गुडघ्याला कळतो.

जुने ग्रंथ बळाचे आठ प्रकार सांगतात: फंग, ल्यू, जी, आन, त्साय, लिए, जोऊ, खाओ. पहिला वर आलाच. ल्यू म्हणजे आलेला रेटा कडेने मागे जाऊ देणं, जी म्हणजे फटीत दाबून शिरणं, आन म्हणजे खाली-पुढे दाबणं. त्साय हा हिसका, झटक्याने फळ खुडावं तसा. लिए म्हणजे दोन टोकांना उलट वळवून फाडणं, सांधे याच्यात जातात. जोऊ कोपराचा घाव, खाओ खांद्याचा किंवा अंगाचा. त्यांत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मध्यात स्थिर राहणं ही पाच पावलं मिळवली की तेरा होतात. म्हणून या कलेला 'तेरा पवित्रे' असंही जुनं नाव आहे. पाचवं, मध्यात स्थिर राहणं, हे सगळ्यात अवघड.

हे आठ प्रकार माणसावर शिकायची जागा म्हणजे 'थुइशोउ', हात रेटण्याचा जोडीचा सराव. तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडची कुस्ती पाहिली असेल तर खडाखडी आठवा: दोन मल्ल हातात हात, मानेवर हात टाकून एकमेकांचा अंदाज घेतात, आणि जाणकाराला तिथेच कळतं कोण जड आहे. थुइशोउमध्ये तोच अंदाज घेणं हीच मुख्य विद्या. तिला 'ऐकणं' म्हणतात. त्वचेने ऐकायचं. समोरच्याचा रेटा कुठून निघाला, पायातून की नुसत्या खांद्यातून. वजन टाचेवर आहे की चवड्यावर. ऐकलं की तो रेटा विरवायचा, विरवला की समोरच्याला पकडीत घ्यायचं, आणि मग आपलं बळ सोडायचं. याच क्रमाने. घाई करणारे ऐकायच्या आधीच बळ सोडतात आणि ते ताकदीवर येतात.

माझ्या गुरूंबरोबरचा एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा तिशीत, अंगाने त्यांच्यापेक्षा वीस किलो जड. ते म्हणाले, जोर लाव. मी लावला. काहीच घडलं नाही, त्यांचा हात माझ्या हाताला नुसता चिकटून होता, कापूस असावा तसा. मला वाटलं अजून जोर लावावा. ज्या क्षणी मी लावला त्या क्षणी त्यांची कंबर दोन बोटं वळली असेल, माझा रेटा रिकाम्या जागेत गेला आणि मी स्वतःच्याच वजनाने पुढे झुकलो. मग त्यांचा तळहात माझ्या छातीवर होता. ते ढकलणं नव्हतं, जवळून आलेला एक छोटा दणका होता, आणि मी चार पावलं मागे भिंतीला लागलो. ते म्हणाले, "तू दिलंस तेच परत दिलं." चार लिआंग आणि हजार जिन हे मला तेव्हा उमगलं. पाव जिन पुरतं ते वळवायला. पण ते पाव जिन अचूक जागी टाकायला, आणि तोवर अंगावर येणारा भार झेलायला, मांड्या-कंबर-पाठ बांधलेली लागते. नाजूक हातांनी जग जिंकता येतं असा जो अर्थ लोक काढतात, तो हा कष्ट वगळून काढतात.

त्या छोट्या दणक्याला 'फाजिन' म्हणतात. मागच्या पायाची टाच जमिनीत रुतते, कंबर झटकन वळते आणि थांबते, आणि ती लाट पाठीतून मुठीत येऊन फुटते. चाबकाच्या टोकाला आवाज यावा तशी. पहिल्या मालिकेत ती तुरळक, दुसरीत, पाओछ्वेत, सलग. आधी पहिली मालिका पक्की नसताना दुसरी केली तर खांदे आणि कोपरं दुखावतात. मी काही गुणी मुलांचे हात अशा घाईने बिघडलेले पाहिलेत, म्हणून दोन वर्षांच्या आत दुसरी मालिका मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. शस्त्रं याच्याही पुढची: सरळ तलवार, वक्र तलवार, भाला, लांब काठी, आणि ग्वानदाओ हे दांड्याचं जड पातं. काठी थरथरवण्याचा सराव मात्र मी लवकर देतो, कमरेचं बळ टोकापर्यंत जातंय की नाही ते तीच काठी दाखवते.

आता तुमचा मूळ मुद्दा, खऱ्या मारामारीत हे चालतं का. १७ जानेवारी १९५४ ला मकावमध्ये आगग्रस्तांच्या मदतीसाठी एक जाहीर सामना झाला. ताइचीच्या वू शैलीचे (वर आलेल्या वू युशियांगपेक्षा हे घराणं वेगळं) वू गुंगई, पन्नाशी ओलांडलेले, आणि श्वेत बगळा शैलीचे छान हाकफू, तिशीतले. चित्रफीत आजही बघायला मिळते. लोकांना त्यात तरंगते हात अपेक्षित असतात आणि दिसते ती धसमुसळी, नाक फोडणारी हाणामारी. पंचांनी ती दुसऱ्या फेरीत थांबवली आणि कुणालाच विजयी ठरवलं नाही. २०१७ मध्ये छंगदूत शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने ताइची शिकवणाऱ्या एका गृहस्थांना काही सेकंदांत आडवं केलं, तीही चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. त्यावर आमच्यातले बरेच जण चिडले. मी नाही चिडलो. ज्याने कधी खऱ्या वेगाने आलेला ठोसा घेतला नाही, त्याची परंपरा कितीही जुनी असली तरी तो ठोसा त्याला लागणारच. छी जिग्वांगने हेच साडेचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: हे दार आहे, आत गेल्यावर लढाई वेगळी शिकावी लागते. माझ्याकडे तिसऱ्या वर्षापासून पोरं हातमोजे आणि दातांचं कवच घालून आठवड्यातून एकदा मोकळी लढतात. जवळच्या अंतरात, धरपकडीत, तोल घालवण्यात ताइचीचा माणूस फार बळकट होतो. लांबच्या अंतरातल्या ठोसे-लाथांना त्याला वेगळी तयारी करावी लागते. मला हे सांगताना कमीपणा वाटत नाही.

तुमच्याबद्दल. कराटेमुळे मूठ आणि पाऊल तयार आहे, पण खांदे वर आणि प्रत्येक हालचालीच्या शेवटी कडक थांबण्याची सवय असेल. ती पहिल्या सहा महिन्यांत जायला त्रास देईल. शिक्षक शोधताना त्यांना विनंती करा की तुमच्या हाताला हात लावून एखादा डाव दाखवा. दाखवला नाही, किंवा शिष्य हात लागायच्या आधीच उडून पडत असतील, तर दुसरीकडे जा.

सुरुवातीला रोज दहा मिनिटं वर सांगितलेला गोल हात धरून स्थिर उभं राहणं, दहा मिनिटं एका हाताने रेशीम उकलणं, उजवीकडे आणि डावीकडे, आणि मग मालिकेतला एकच डाव. महिन्याला चार-पाच डावांपेक्षा जास्त नको. गुडघ्याचं गणित सोपं आहे आणि ते कधीच मोडायचं नाही: गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेने, आणि त्यांच्या पुढे नाही. पाऊल वळवायचं असेल तर आधी वजन काढायचं, मग टाचेवर वळवायचं, मग वजन घालायचं. वजन असताना वळवलं की पीळ खुब्यात न जाता गुडघ्यात जातो. माझा डावा गुडघा मी पहिल्या दोन वर्षांत असाच दुखावला होता, फार खाली बसण्याच्या हौसेने, आणि आठ महिने नुसतं उभं राहण्याचा सराव करावा लागला. तुमचा उजवा आधीच कुरकुरतोय, तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि पहिलं वर्षभर पवित्रा उंच ठेवा, खुर्चीच्या कडेवर टेकल्याइतकाच. सरावानंतर मांडी थरथरली तर ते चांगलं. वाटीच्या आतून टोचलं तर त्या दिवशी मालिका नको, फक्त हात.